भरवसा नसलेली गाडी आणि वणीची वाट

चाकण-खेडकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'निघाले' आणि 'पोचले' या दोन शब्दांत बरंच अंतर असायचं. "पाव्हणं आलं का?" असं विचारलं की उत्तर मिळायचं, "निघाल्यात म्हनं." त्या 'म्हनं'मध्ये सगळं यायचं. एसटी चुकली असेल, ओढ्याला पाणी आलं असेल, बैल बसला असेल. पुढे मोटारी आल्या, तरी हे 'म्हनं' काही गेलं नाही. उलट वाढलं. बैल बसला तर का बसला ते कळायचं. मोटार बसली की आधी तिचं दुखणं हुडकावं लागायचं.

आज आमच्या भागाला मोटारींचा पट्टा म्हणतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत दुचाकी, रिक्षा, ट्रक, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनतात. पण याच भागातल्या शेतकऱ्याच्या दारात पहिली चारचाकी आली ती नवी नव्हती, इथे बनलेली नव्हती आणि तिचा भरवसाही नव्हता. अशा गाडीतून लोक लांबच्या वाटेला कसे निघायचे, हे लिहून ठेवावंसं वाटतं. कारण त्यात नुसती गंमत नव्हती.

आधी रस्त्याचं सांगतो. पुणे-नाशिक रस्ता आमच्या शिवाराला लागूनच. भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत नाशिक. पुण्यापासून दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. वाटेत नद्याच नद्या. मोशीला इंद्रायणी, पुढे भामा, खेडला भीमा, मग घोड, मीना, कुकडी, मुळा आणि संगमनेरला प्रवरा. शिवाय खेडचा घाट आणि संगमनेरच्या अलीकडचा चंदनापुरीचा घाट. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर राज्यातली पहिली एसटी धावली, आणि पुढे गावोगावची माणसं एसटीला सरावली. लांबचा प्रवास म्हणजे एसटी किंवा रेल्वे. घरची गाडी ही डॉक्टर, बागायतदार, नाहीतर कांद्याच्या अडत्याकडे.

आणि गाडी हवी म्हणून मिळायची थोडीच! स्वातंत्र्यानंतर तयार मोटारींची आयात बंद झाली. सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना, इथे बनवणार असाल तर राहा, असं सांगण्यात आलं आणि त्यांनी १९५०च्या दशकात गाशा गुंडाळला. मोटारी बनवणारे मुख्य कारखाने उरले तीन. बंगालात हिंदुस्थान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर. हा प्रीमियरचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेला. गाड्या थोड्या आणि मागणारे फार, त्यामुळे पैसे भरूनही वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही. म्हणून जुनी गाडी कुणी मोडीत काढत नसे. इंजिन उघडायचं, सिलिंडर घासून मोठे करायचे, नवे पिस्टन टाकायचे, वरून रंग मारायचा की गाडी पुन्हा बाजारात. मुंबईत दमलेली गाडी पुण्याला यायची, पुण्यात दमली की तालुक्याला आणि तिथून वाडीवर.

पिंपरीकडे तेव्हा कारखाने उभे राहत होते. १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पिंपरीत आला. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर-रिक्षा आणि बजाज टेम्पोच्या गाड्या बनू लागल्या. त्यातला 'टेम्पो' तर असा रुळला की कुठलीही माल वाहणारी लहान गाडी आमच्याकडे टेम्पोच झाली. पाठोपाठ टेल्को आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावची पोरं सायकलवर, एसटीने, कंपनीच्या बसने कामाला जायला लागली. घरात शेती होतीच. आता घरात एक फिटर, एक टर्नर, एक वेल्डर असं होऊ लागलं. जुनी गाडी पाळायला जी दोन माणसं लागतात, पैसे लावणारा शेतकरी आणि पाना धरणारा कामगार, ती एकाच ओसरीवर आली.

आमच्या घरी तसंच झालं. भामा नदीच्या काठचं आमचं खटलं मोठं. एका वर्षी कांद्याला भाव सापडला आणि थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, गाडी आणली. दोन मालकांकडे राबून आलेली. तिची बनावट कुणाची ते सांगण्यात अर्थ नाही. माणूस सत्तरीला पोचल्यावर दात पडले म्हणून आईबापाला बोल लावत नाहीत. धाकटे चुलते, अण्णा, चिंचवडला एका कारखान्यात फिटर होते. रविवार आला की ते गाडीखाली आणि आम्ही पोरं पाने द्यायला. "दहा-अकराचा दे. आरं, तो न्हवं, त्यो वाकडा." पाढ्यांच्या आधी आम्हाला पान्यांचे नंबर पाठ झाले.

गाडीची ख्याती गावभर होती. ती उन्हाळ्यात तापायची, पावसाळ्यात भिजून बसायची आणि थंडीत उठायची नाही. सकाळी हँडल मारायचं, नाहीतर चार जणांनी ढकलायचं. ढकलणाऱ्यांना चहा ठरलेला. काही जण चहासाठीच येऊन उभे राहतात असं आजी म्हणायची.

पण १९७६ च्या पावसाळ्यातली एक रात्र आमच्या घरात आजही कुणी मोठ्याने काढत नाही. धाकट्या काकूंचं पहिलं बाळंतपण. दिवस भरायला अवकाश होता आणि रात्री अकराला त्यांना त्रास सुरू झाला. सुईण म्हणाली, "माझ्या हातचं न्हाई, पुन्याला न्या." बैलगाडीने पुणं म्हणजे सकाळ उजाडली असती. गाडी त्या रात्री पहिल्या हँडलला उठली, हेच सगळ्यांना शुभ वाटलं. चाकण मागे पडलं, आणि मोशीच्या अलीकडे उतारावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. पाऊस, अंधार, एक कंदील. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं असणार, पण ते पुसायला कोरडं फडकं म्हणून गाडीत नव्हतं. होतं नव्हतं ते काकूंच्या अंगाखाली. पाऊण तासाने कांद्याचा एक ट्रक आला. ड्रायव्हरने काही न विचारता दोर काढला, काकूंना केबिनमध्ये घेतलं आणि गाडी तिथेच टाकून पुणं गाठलं. काकू वाचल्या. मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

त्या ट्रकवाल्याचं नावगाव कुणी विचारलंच नाही. आबा पुढे किती वर्षं कांद्याच्या प्रत्येक ट्रककडे वळून बघायचे.

म्हणून जुन्या गाड्यांच्या आठवणी निघाल्या आणि गडी माणसं हसायला लागली की आमच्या घरातल्या बाया हळूच आत जातात. वाटेत कुणाची गाडी बंद पडली याची गोष्ट होते, पण त्या गाडीत कोण बसलं होतं यावर ती कुठल्या जातीची गोष्ट हे ठरतं.

काकूंना १९८० ला मुलगा झाला. त्याचं जावळ वणीला काढीन असा आजीचा नवस होता. सप्तशृंगी आमची कुलदेवी. १९८१ च्या चैत्रात जायचं ठरलं. आमच्या गावापासून वणी म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि ते ऐन उन्हात. आबा म्हणाले, "घरची गाडी असताना एसटीनं कशाला?" सगळे गप्प. मग काकू बोलल्या. सासऱ्याच्या ठिकाणी असलेल्या दिरापुढे त्या एवढं बोललेल्या मी तेव्हाच ऐकल्या. "येते मी. पन आदी सांगा, हे बंद पडलं तर काय करायचं? ते बंद पडलं तर काय करायचं? एकेक सांगा. मग निगू."

अण्णांनी त्या दिवशी त्यांना गाडी उघडून दाखवली. आणि पंधरा दिवस आमच्या ओसरीवर त्या प्रश्नाचीच यादी चालली होती.

गाडी घाटात तापते ती का, तर पहिल्या गिअरमध्ये इंजिन जोरात पळतं पण गाडी पळत नाही, समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटरमधलं पाणी उकळतं. उपाय: दोन कॅन पाणी, आणि उन्हाच्या आत घाट चढणं. पाणी उकळलं तर झाकण लगेच काढायचं नाही, तोंडावर वाफ येते. थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, मग चालू ठेवून थोडं थोडं पाणी घालायचं. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं की हेड तडकतं. रेडिएटर बारीक गळायला लागला तर हळद. पाण्यात टाकली की ती जाऊन भोकात बसते. टाकी पाझरली तर कपडे धुवायच्या साबणाची वडी ओली करून दाबायची. गरम नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ते ओढवत नाही; तेव्हा पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. पॉइंट काळे पडले तर काडेपेटीच्या कडेने घासायचे. फॅनचा पट्टा तुटला तर दुसरा पट्टा, आणि तोही गेला तर सुताची दोरी. उतारावर नुसत्या ब्रेकवर राहायचं नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा.

काकूंनी हे लिहून घेतलं नाही, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक दुखण्यासमोर एक वस्तू धरली आणि एका पिशवीत भरली. हळदीची पुडी, साबण, काडेपेट्या, सुताची दोरी, स्टेपनीसाठी सोल्युशन आणि रबराचा तुकडा. आणि सगळ्यात वर, मेणकापडात गुंडाळलेली चार कोरडी फडकी. ती फडकी बघून अण्णा काही बोलले नाहीत.

पहाटे तीनला निघालो. चाकांखाली लिंबं, समोर नारळ, बॉनेटवर हळदीकुंकू. आत नऊ माणसं आणि एक तान्हं. खेडचा घाट उजाडायच्या आत चढला. नारायणगावला चहा झाला. आळेफाट्याच्या पुढे ऊन लागलं आणि बोट्याच्या माळावर गाडी गपकन थांबली. आबांचा चेहरा पडला. काकूंनी विचारलं, "पंप का पानी?" अण्णा म्हणाले, "पंप." काकूंनी फडकं काढलं, भिजवलं, दिलं. वीस मिनिटांत गाडी सुरू झाली. तेवढ्या वेळात चार वाहनं थांबून गेली. एक ट्रक, एक एसटी आणि दोन मोटारसायकलवाले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "काय पायजे का?" चंदनापुरीच्या घाटात पाणी उकळलं. आम्ही पोरांनी चाकांना दगड लावले आणि सावलीला बसलो. संगमनेरच्या अलीकडे पंक्चर. नाशिकला दुपार कलली. रात्री नांदुरीला पोचलो, गाडी झाडाखाली लावली आणि सकाळी एसटीने गडावर गेलो. जावळ निघालं. देवीपुढे काकू खूप वेळ उभ्या राहिल्या.

पुष्कळ वर्षांनी, जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाची हकीकत वाचनात आली आणि काकूंची पिशवी आठवली. १८८८ चा ऑगस्ट. जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटार बनवली होती, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. त्यांची बायको बर्था एका सकाळी नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन त्या गाडीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोलपंप नव्हते, वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरं उतरून ढकलत. दिवस मावळता ती माहेरी पोचली आणि तिथून नवऱ्याला तार केली. चढ चढायला आणखी एक गिअर हवा, हे त्या प्रवासानेच बेंझ यांना शिकवलं.

त्या बाईने गाडीवर आंधळा भरवसा ठेवला नव्हता. गाडीत काय बिघडेल ते ती रस्त्यावर बघत गेली आणि पदरच्या वस्तूंनी निभावलं. आमच्या काकूंनी तेच केलं. फरक एवढाच, की त्यांना आधी किंमत मोजून प्रश्न विचारायला शिकावं लागलं.

योग असा, की बेंझ यांच्या नावाच्या मोटारी भारतात आल्या त्या आमच्याच भागात. १९९० च्या दशकात पिंपरीत टेल्कोच्या आवारात त्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि २००९ ला चाकणला त्यांचा स्वतंत्र कारखाना झाला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणलाच सुरू झाला. भोसरीला केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे. तिथे गाड्या मुद्दाम तापवतात, हादरवतात, भिजवतात, आदळतात. थोडक्यात, 'हे बंद पडलं तर काय' हा काकूंचा प्रश्न आता गाडी दारात यायच्या आधीच विचारला जातो. ज्याचं जावळ काढायला आम्ही वणीला गेलो, तो माझा चुलतभाऊ चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभा असतो. काकू त्याला विचारायच्या, "नापास किती केलंस आज?" त्याने आकडा सांगितला की म्हणायच्या, "बरं केलंस. रस्त्यावर नापास होन्यापरीस टेबलावर झालेलं बरं."

त्यामुळे जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. भरवशाच्या गाडीने किती बाळंतिणी वेळेत पोचल्या असतील त्याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण आमच्या घराला त्याची किंमत माहीत आहे. आमची कांद्याची शेतंही गेली, त्यातल्या काहींवर गोदामं उभी आहेत. त्याचं सुखदुःख वेगळं, ते दुसऱ्या वेळी.

मात्र गाडी भरवशाची झाली तशी दोन गोष्टी हातातून सुटल्या. एक म्हणजे निघण्याआधीचा विचार. आता माणूस किल्ली फिरवतो आणि निघतो; पाणी किती, वाटेत कोण, अंधार कुठे पडेल, याचा हिशेब करत नाही. खेड घाटाला बाह्यवळण झालं, मोठे पूल झाले, पण चाकणच्या तळेगाव चौकात नव्याकोऱ्या गाड्या तासतास अडकून पडतात. त्यात एखादी रुग्णवाहिकाही असते. इंजिनात काही दोष नसतो. तरी 'निघाल्यात म्हनं' हे उत्तर परत आलंच.

आणि दुसरी गोष्ट, थांबायची. बंद पडलेल्या गाडीशी थांबून "काय पायजे का?" विचारायची रीत त्या काळी कुणी शिकवली नव्हती. आपली गाडीही उद्या अशीच पडणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, एवढंच. आज स्वतःची गाडी बंद पडायची भीती उरली नाही, म्हणून दुसऱ्याची दिसत नाही.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी शेवटी त्या चुलतभावाच्या गाडीतून दवाखान्यात जायच्या. गाडी नवी, गार हवेची, आवाज न करणारी. तरी पायाशी मेणकापडाची घडी ठेवायच्या. एकदा मोशीच्या पुलाजवळ कुणाची तरी जुनी जीप बॉनेट उघडून उभी होती. चुलतभावाने गाडी पुढे काढली. काकूंनी त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, "थांब की जरा. इचार त्याला."